इम्प्लांटची कॅप: स्क्रूवाली की सिमेंटवाली? (आईची दाढ, बेळगाव)

शहापूरकर · ८ डिसेंबर, रात्री ९:४०

मंडळी, आईची (वय ६८) खालची उजवी दाढ काढून दोन वर्षं झाली. सप्टेंबरात इम्प्लांट बसवलं, आता तीन महिने झाले. हाड धरलंय म्हणाले. पुढच्या गुरुवारी कॅपचं माप घेणार आहेत. काल डॉक्टरांनी विचारलं, "कॅप स्क्रूनं बसवायची की सिमेंटनं? घरी विचार करून सांगा." दोन मिनिटांत अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी असं समजावलं आणि पुढचा पेशंट आत. पैशात फरक आहे, पण घर विकावं लागेल एवढा नाही.

आईचं म्हणणं, "तोंडात नटबोल्ट घालायला मी काय ट्रॅक्टर आहे?" तिला सिमेंट हवंय. मला काहीच कळत नाही. कुणी बसवून घेतलंय का? काय अनुभव?

उद्यमबाग_टर्नर · रात्री ९:५८

आईंना सांगा, बोल्ट सप्टेंबरातच बसलाय. हाडात जे घातलंय तो टायटॅनियमचा स्क्रूच आहे ओ. आता प्रश्न फक्त वरच्या टोपीचा.

कॅम्पातला_निवृत्त · रात्री १०:२०

माझ्या दोन आहेत, दोन्ही सिमेंटच्या. अकरा वर्षं झाली. भाकरी, मटण, शेंगदाणे, सगळं चालू आहे. रूट कॅनालनंतर आपण सगळे कॅप बसवतो त्या कशानं चिकटवतात? सिमेंटनंच ना? मग इम्प्लांट म्हटल्यावर एवढी चर्चा कशाला? डॉक्टरांना बिल वाढवायला नवीन काहीतरी लागतं, एवढंच.

दंतकथा · रात्री ११:०५

निवृत्तकाका, स्क्रूची पद्धत नवीन नाही, उलट जुनी आहे. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियम बसवलं, तेव्हापासून वरचे दात स्क्रूनंच अडकवत. सिमेंट नंतर आलं, कारण ते डॉक्टरांना आणि लॅबला ओळखीचं होतं. नेहमीच्या कॅपसारखं.

शहापूरकर, मी दंतवैद्य आहे, चौदा वर्षं प्रॅक्टिस. तुमच्या आईंचा एक्सरे पाहिलेला नाही, त्यामुळे नुसतं समजावतो. तीन भाग असतात. हाडात इम्प्लांट. त्यावर हिरडीतून वर येणारा खुंट, त्याला अबटमेंट म्हणतात. त्यावर कॅप. सिमेंटच्या पद्धतीत खुंट स्क्रूनं इम्प्लांटला आवळतात आणि कॅप त्यावर चिकटवतात. म्हणजे स्क्रू तिथेही आहेच, फक्त कॅपखाली झाकलेला. स्क्रूच्या पद्धतीत खुंट आणि कॅप एकच नग असतो. कॅपला मधोमध भोक, त्यातून स्क्रू आवळायचा, भोकात टेफ्लॉनची पट्टी भरायची आणि वर दाताच्या रंगाचं भरण.

स्क्रूचा मोठा फायदा म्हणजे काढता येतं. हिरडी सुजली, पोर्सेलिनचा टवका उडाला, स्क्रू सैल झाला, तर भरण काढा, स्क्रू उलटा फिरवा, कॅप हातात. सिमेंटवाली कॅप निघेलच असं नाही, कधी कधी कापूनच काढावी लागते.

मग सगळ्यांना स्क्रूच का नाही? कारण भोक कुठे येणार हे इम्प्लांट कोणत्या कोनात बसलंय त्यावर ठरतं. दाढेला ते चावायच्या भागाच्या मधोमध आलं तर उत्तम. ओठाच्या किंवा गालाच्या बाजूनं आलं तर पंचाईत. खरं तर हा प्रश्न इम्प्लांट बसवायच्या आधी विचारायचा असतो. तुमच्याकडे आता दोन्ही शक्य आहे का, हे गुरुवारी आधी विचारा.

रामलिंगखिंड · रात्री ११:१२

आयडी दंतकथा आणि सांगतोय खरं. हे पहिल्यांदाच बघालोय.

सुमाक्का_टिळकवाडी · ९ डिसेंबर, सकाळी ७:३०

माझं ऐका. वरची डावी दाढ, सिमेंटची कॅप. बसवल्यावर चार-पाच महिने छान. मग ब्रश करताना रक्त. मग हिरडी दाबली की पू. तोंडाला वास, कुणाशी बोलताना पदर तोंडावर. जिथं बसवलं तिथं तीनदा गेले, तीनदा "ब्रश नीट करा" सांगून गोळ्या दिल्या. शेवटी लेकीच्या ओळखीनं दुसरीकडे दाखवलं. त्यांनी सुई दिली, हिरडी जरा उघडली आणि खालून सिमेंटचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. पंधरा दिवसांत सूज गेली. दीड वर्ष मी ब्रशला दोष देत होते.

बेळगावी_बेरकी · सकाळी ८:०२

म्हणजे कॅप आणि हिरडीच्या मध्ये सीमाप्रश्न! इथेही तो चिघळत ठेवायचा का?

रामलिंगखिंड · सकाळी ८:०५

आयोग नेमा.

बेळगावी_बेरकी · सकाळी ८:०६

आयोगाला दात आहेत का पण?

दंतकथा · सकाळी ९:१५

बेरकींचा विनोद शास्त्राला धरून आहे. कॅप जिथं संपते त्या रेषेला आम्ही मार्जिन म्हणतो, म्हणजे सीमाच. ही सीमा हिरडीच्या वर किंवा काठावर असली तर बाहेर आलेलं सिमेंट दिसतं, पुसता येतं. हिरडीच्या खाली दोन-तीन मिलिमीटर गेली की काही दिसत नाही. त्यात काही सिमेंटं एक्सरेवरही नीट उमटत नाहीत.

निवृत्तकाकांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. खऱ्या दाताच्या मुळाला हिरडीचे तंतू रुतलेले असतात. सिमेंट खाली जायला लागलं तर ते अडवतात. टायटॅनियमला ते रुतत नाहीत, समांतर पडून राहतात, त्यामुळे सिमेंट दाबाबरोबर खोल उतरतं. २००९ मध्ये अमेरिकेत टॉमस विल्सन यांनी अशा सुजलेल्या जागी हिरडीच्या आत बारीक दुर्बीण घालून पाहिलं. पेशंट ३९च होते, पण त्रास असलेल्या जागांपैकी ८१ टक्के ठिकाणी जास्तीचं सिमेंट सापडलं. ते काढल्यावर बहुतेकांचा त्रास थांबला. सुमाक्का, तुमचंच उदाहरण.

याचा अर्थ सिमेंट वाईट असा नाही. खुंट नीट घडवून सीमा वर ठेवली, सिमेंट अगदी थोडं वापरलं, तर अकरा वर्षं काय, त्याहून जास्त टिकतं. काकांचं तसंच झालं असणार.

कॅम्पातला_निवृत्त · सकाळी ९:४०

"झालं असणार" नाही, झालंय. पण दुर्बिणीचं माहीत नव्हतं. हिरडीतून रक्त मात्र कधी आलं नाही, हे नमूद करतो.

नंदगडकर · दुपारी १:१०

आता स्क्रूवाल्यांची बाजूही ऐका, म्हणजे फार हुरळून जाऊ नका. मी मस्कतला होतो, तिथंच खालची दाढ बसवली, स्क्रूची. निवृत्त होऊन गावी आलो. तिसऱ्या वर्षी कॅप हलायला लागली. जीभ लावली की टकटक. खानापुरात दाखवलं, डॉक्टर म्हणाले, "स्क्रू सैल झालाय, आवळला की झालं." भरण काढलं, आत बघितलं, आणि त्यांच्याकडचा एकही स्क्रूड्रायव्हर बसेना! प्रत्येक कंपनीचं डोकं वेगळं. कुणाचं षटकोनी, कुणाचं चौकोनी, कुणाचं चांदणीसारखं. कंपनी कोणती विचारलं तर मला काय ठाऊक? मस्कतचा दवाखाना फोन उचलेना.

एक्सरे काढून आकारावरून अंदाज बांधला, बेळगावात एकाकडे ड्रायव्हर मिळाला, दोन खेपा झाल्या. काम पाच मिनिटांचं. म्हणून सांगतो, इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतो. त्यावर कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर असतो. तो मागून घ्या आणि आधार कार्डाबरोबर ठेवा. स्क्रू असो की सिमेंट.

भाषावेडा · दुपारी २:००

नंदगडकरांच्या "सैल"वरून आठवलं. परवा माझ्या डॉक्टरांकडची सिस्टर फोनवर म्हणत होती, "स्क्रू सडिल आगिदे." कन्नडात सडिल, मराठीत सैल, दोन्ही संस्कृतातल्या शिथिलची लेकरं. आपला "सढळ"ही त्याच घरातला. स्क्रू सैल असला की वाईट आणि हात सढळ असला की चांगलं, एवढाच फरक.

रामलिंगखिंड · दुपारी २:०४

बिल देताना हात सढळ, मग स्क्रू सडिल.

उद्यमबाग_टर्नर · दुपारी ४:३०

सैल का होतो ते सांगतो, हा माझा प्रांत. उद्यमबागेतल्या कारखान्यांत रोजचंच काम. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. ताणलेला बोल्ट स्प्रिंगसारखा दोन भागांना दाबून धरतो. पकड या ताणाची असते, आट्यांची नव्हे. ताण कमी पडला की प्रत्येक चावण्याला दोन भाग केसभर उघडतात आणि बोल्ट हळूहळू परततो. जास्त आवळला तर बोल्टच तुटतो. म्हणून टॉर्क रेंच लागतो, म्हणजे ठरलेल्या जोरानंच (टॉर्कनं) आवळणारा पाना. गाडीच्या चाकाच्या नटाला शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. दाताच्या स्क्रूला किती, दंतकथा?

दंतकथा · संध्याकाळी ५:१०

कंपनीप्रमाणे बदलतं. खुंटाच्या स्क्रूला बऱ्याच ठिकाणी ३० ते ३५ न्यूटन-सेंटीमीटर. नुसत्या बोटांनी आवळला तर त्याच्या निम्माही लागत नाही.

उद्यमबाग_टर्नर · संध्याकाळी ५:२५

म्हणजे ०.३५ न्यूटन-मीटर. घड्याळजीचं काम! आणि हो, नवीन बोल्ट आवळल्यावर आटे एकमेकांत बसतात, थोडा ताण जातो. आम्ही थोडा वेळ थांबून परत आवळतो. तुम्ही पण?

दंतकथा · संध्याकाळी ५:३१

दहा मिनिटांनी परत. तेच कारण.

बेळगावी_बेरकी · संध्याकाळी ५:४०

मग आट्यांना लॉकटाइट (बोल्ट चिकटवायचा गोंद) लावा आणि विषय संपवा.

उद्यमबाग_टर्नर · संध्याकाळी ५:४४

लावला की नंदगडकर परत येतील, आणि या वेळी ड्रायव्हर मिळूनही स्क्रू निघणार नाही. जे कधीतरी उघडायचंय त्याला आम्ही वेल्ड मारत नाही.

चिकोडीची_सून · रात्री ८:५०

माझं जरा वेगळं आहे. नणंदेचा (२५) वरचा पटाशीचा दात स्कूटरवरून पडून गेला. इम्प्लांट झालंय. डॉक्टर म्हणतात भोक पुढच्या बाजूनं येतंय, त्यामुळे सिमेंटच. पुढच्या महिन्यात बघायला येणारेत, भोकाची कॅप तर शक्यच नाही. पण सुमाक्कांचं वाचून आता सिमेंटचीच भीती वाटायला लागली.

दंतकथा · रात्री ९:३५

पटाशीच्या दातांत हे नेहमीचं आहे. वरचं हाड पुढे झुकलेलं असतं, इम्प्लांट हाडाच्या कलानं जातं आणि स्क्रूची वाट ओठाकडे निघते. तीन पर्याय आहेत. पहिला, सिमेंट, पण खुंट त्या दातापुरता घडवून घ्यायचा आणि सीमा हिरडीच्या काठालाच ठेवायची. दुसरा, वाकडी वाट असलेला स्क्रू. त्याचा खास ड्रायव्हर तिरका जातो, साधारण २५ अंशांपर्यंत भोक मागे, जिभेकडे वळवता येतं. सगळ्या कंपन्यांत मिळत नाही, लॅबही तशी लागते. तिसरा, सिमेंटच, पण कॅप बसवायच्या आधी तोंडाबाहेर खुंटाच्या नकलेवर दाबून जास्तीचं सिमेंट पुसून टाकायचं, मग लगेच तोंडात. सोपी युक्ती आहे, पण फार कमी जण करतात.

आणि कॅप बसल्यावर महिन्या-दीड महिन्यानं हिरडी तपासून घ्या. बघायला येणाऱ्यांना दुर्बीण द्यायची गरज नाही.

चिकोडीची_सून · रात्री ९:४२

😂 नणंदेला दाखवलं. म्हणाली, डॉक्टरांचा आयडी फॉलो कर.

सांबऱ्याचा_सतीश · रात्री १०:१५

मधला मार्गही आहे ना? माझ्या कॅपला लॅबमध्येच टायटॅनियमच्या बुडावर चिकटवलं होतं, भोक तसंच ठेवलं आणि तोंडात फक्त स्क्रू. डॉक्टर म्हणाले दोन्हींचा फायदा.

दंतकथा · रात्री १०:२२

बरोबर. हल्ली झिर्कोनियाच्या बऱ्याच कॅप तशाच बनतात. सिमेंट लागतं, पण ते लॅबच्या टेबलावर, हिरडीपासून लांब. शहापूरकरांना डॉक्टर "स्क्रूवाली" म्हणाले ती बहुधा हीच.

निपाणीचा_पट्टा · १० डिसेंबर, सकाळी ६:५०

एक प्रश्न. आमच्याकडे निम्म्या माणसांची बोटं तंबाखूच्या वासाची. बिडी ओढणाऱ्यानं स्क्रू घ्यावा की सिमेंट?

दंतकथा · सकाळी ८:४०

बिडी ओढणाऱ्यानं आधी बिडी सोडावी. स्क्रू-सिमेंट हा वरच्या मजल्याचा प्रश्न. धूम्रपानानं हाडाचं धरणं आणि हिरडीचं भरून येणं दोन्ही मार खातं, साखर वाढलेली असेल तर आणखी. पण उत्तर द्यायचंच तर, हिरडी नाजूक आहे हे आधीच माहीत असेल तर मी काढता येणारी कॅप घेईन. पुढे साफसफाईसाठी उघडावी लागण्याची शक्यता जास्त.

शहापूरकर · सकाळी ९:१०

अरे देवा. आता कबूल करतो. आई मिश्री लावते. सकाळी-संध्याकाळी. डॉक्टरांना तिनं सांगितलेलं नाही, मीही नाही.

सुमाक्का_टिळकवाडी · सकाळी ९:१८

अव्वा! आणि इथं आम्ही ओळीवर ओळी लिहालोय!

दंतकथा · सकाळी ९:३०

शहापूरकर, गुरुवारी माप घ्यायच्या आधी हेच सांगा. मिश्रीही तंबाखूच. रागावतील थोडं, पण उपचार त्यावर ठरतात. आणि आईंना सांगा, दाताच्या कडेला बाटली धुवायच्या ब्रशसारखा छोटा ब्रश फिरवायचा, रोज. तो मिळतो, महाग नाही.

कॅम्पातला_निवृत्त · सकाळी १०:००

आमची आई मिश्री सोडायला नव्वदीपर्यंत थांबली. शुभेच्छा.

गोकाककर · ११ डिसेंबर, दुपारी ३:२०

उशिरा आलो. एकच विचारतो. स्क्रू असो, सिमेंट असो, करदंट खाता येतो का? डिंक आणि गुळाचा, दाताला धरतो.

नंदगडकर · दुपारी ३:४५

माझी कॅप करदंटानंच सैल झाली असा माझ्या बायकोचा आरोप आहे. पुरावा नाही.

दंतकथा · दुपारी ४:१०

तात्पुरत्या सिमेंटच्या कॅपला नको. पक्की असेल तर बारीक तुकडा करून, दुसऱ्या बाजूनं. इम्प्लांटला खऱ्या दातासारखा मुळाभोवतीचा पडदा नसतो, त्यामुळे किती जोर लावतोय हे मेंदूला नीट कळत नाही. तुम्ही जास्तच दाबता.

शहापूरकर · ३ जानेवारी, रात्री ८:१५

धागा वर काढतोय, सांगायचं राहिलं होतं. गुरुवारी आधी मिश्रीचं सांगितलं. डॉक्टर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग आईला कन्नडात बरंच काही म्हणाले. आईला कन्नड येतं, पण तिनं येत नसल्यासारखं केलं. मिश्री दिवसातून एकदावर आली आहे, पूर्ण बंद नाही. खोटं कशाला सांगू?

मग मी भोक कुठे येतं ते विचारलं. त्यांनी तोंडाचा फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवला. बरोबर दाढेच्या मधोमध. आणि सीमा खोल जाणार होती, हिरडी जाड आहे म्हणून. तेव्हा स्क्रूचीच घेतली, सतीशरावांनी सांगितली तशी, बुड लॅबमध्ये चिकटवलेलं. आई तयार झाली ती टर्नरांमुळे. तिला वाचून दाखवलं की बोल्ट आधीच आत आहे. म्हणाली, "मग एवढ्यावर आलंय तर घाला."

काल बसवली. आवळताना बारीक "कट्" असा आवाज आला, आई दचकून म्हणाली, "मोडलं का?" तो रेंचचाच आवाज होता. मग दहा मिनिटं बसवून ठेवलं आणि परत आवळलं. भोकात पांढरी पट्टी भरली तेव्हा आईनं ती ओळखली: "ही तर नळाला लावतात ती." डॉक्टर हसले. म्हणाले, तशीच असते. स्टिकर मागितला, त्यांनी फाइलमधून काढून दिला. आता तो रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये आहे, नंदगडकर.

तीन महिन्यांनी दाखवायचंय.

सुमाक्का_टिळकवाडी · रात्री ८:२२

बरं झालं. ब्रशचं विसरू नका.

उद्यमबाग_टर्नर · रात्री ८:४०

टॉर्क किती लावला ते विचारलंत का?

शहापूरकर · रात्री ८:४३

विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पस्तीस. तुम्ही उद्यमबागेत असता का?"